ओलांड्यांचा उंबरठा

चंद्रावतीमावशीला लग्नाचं बोलावणं करायची एक रीत होती. नुसतं ‘लग्नाला या’ म्हटलेलं तिला चालत नसे. ‘सून न्यायला या’ असंच म्हणावं लागे. मग ती पदर सावरून बसायची आणि साऱ्या मॉरिशस बेटावरची लग्नं हिच्यावाचून अडली आहेत अशा थाटात विचारायची, “कंचा दिवस?” दिवस तिला आधीच ठाऊक असायचा. तिच्यापासून लपून त्या भागात एक गाय व्यायली नव्हती, तिथे लग्न कसलं लपतंय!

प्लेन मान्येन आणि समुद्र यांच्यामध्ये ऊसच ऊस. त्या उसात विखुरलेली दहा-वीस मराठी घरं होती. कोकणातून आणि देशावरून ऊसमळ्यावर मजुरीला आलेल्या माणसांची ही नातवंडं-पतवंडं. मावशीचा नवरा बलराम साखर कारखान्यात कामाला होता आणि घरात बोलायची त्याला फारशी संधी मिळत नसे. मुलगा कृष्णदेव विमानतळावर लागला होता. सोमवारी माहेबूरचा बाजार, भाद्रपदात गणपती, कधी जाखडीचा नाच, आणि वर्षाकाठी चार-पाच लग्नं. लग्न आलं की मावशीचा मान आला, आणि तो मान होता एका पडक्या घरामुळे.

उसाच्या शेवटच्या पट्ट्यापलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला, काळ्या दगडाच्या चार भिंती उभ्या होत्या, कमरेएवढ्या. छप्पर नाही, दार नाही. पण दाराची जागा होती आणि तिथे एक लांब दगडी उंबरठा होता, मधोमध पायांनी झिजलेला. आतून एक बदामाचं झाड उगवून एवढं माजलं होतं की लांबून झाडच दिसे, घर दिसत नसे. या जागेला सगळे ‘ओलांड्यांची जागा’ म्हणत.

ओलांडे म्हणजे कोण, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं. काळं पाणी ओलांडून आले ते ओलांडे. आपले पहिले आजे-पणजे. त्यांनी बोटीतून उतरून पहिलं घर बांधलं ते हे. आपली माणसं बोटीतून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि पोर्ट लुई बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. मग पहिलं घर इकडे कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मावशीसमोर विचारायची छाती कुणाची होती?

तर रीत अशी. लग्न लागलं की नवरीने सासरचं माप ओलांडायच्या आधी इथला उंबरठा ओलांडायचा. मावशी तिचं कोपर धरायची, दगडाला हळदकुंकू लावायची, नारळ ठेवायची आणि आत बघून मोठ्याने सांगायची, “आजा-आजी, सून आणलीया. हिला थारा द्या.” मग नवरी उजवं पाऊल आत टाकायची. असा उंबरठा ओलांडलेली बाई घराला धरून राहते, असं म्हणत.

हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती स्वतः पेती राफ्रेहून, बेटाच्या उत्तरेकडून इथे आली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. बलरामला तिने धड पाहिलंही नव्हतं. दिवसभर लॉरीत बसून अंग आंबून गेलं होतं आणि पळून जावं की रडावं हे ठरत नव्हतं. सासूने तिला या दगडापुढे उभं केलं आणि ते शब्द म्हटले. थारा द्या. पाऊल आत पडलं आणि पोटातली भीती कुठल्या कुठे गेली, ती परत आलीच नाही. सासू गेल्यावर नवऱ्या न्यायचं काम तिच्याकडे आलं. हे काम तिला इतकं आवडायचं की कुणाच्या मुलीचं लग्न लांबलं तर मुलीच्या आईपेक्षा हिलाच जास्त घोर लागायचा.

मग साठ साली कारोल आलं. वादळाला हे बाईचं नाव कुणी दिलं देव जाणे, पण बाई आली ती सगळं धुऊन पुसून गेली. मावशीच्या घराचं पत्र्याचं छप्पर उडालं ते शेजारच्या कुंतीच्या परसात जाऊन पडलं, आणि कुंतीचं छप्पर कुठे गेलं ते अजून कळलेलं नाही. ऊस जमिनीला चिकटला. लोक शाळेत जाऊन राहिले, एकमेकांच्या पातेल्यातलं जेवले, आणि पंधरवड्यात जो तो आपापल्या जागी खिळे ठोकायला लागला. मावशी घरावर पत्रा चढायच्या आधी ओलांड्यांच्या जागेकडे धावली.

बदाम मुळासकट आडवा झाला होता. भिंती होत्या तशाच होत्या, उंबरठाही जागेवर होता, पण मुळांनी आतली जमीन उपटून वर आणली होती. त्या मातीत पिवळ्या, बारक्या, वडीएवढ्या विटा होत्या. निळ्या नक्षीच्या बशीचे तुकडे होते, जाड हिरव्या काचेच्या बाटलीचं बूड होतं. आणि मुळांच्या जाळ्यात अडकलेली एक पांढऱ्या मातीची चिलीम, दांडा अर्धा मोडलेला. मावशीचे डोळे भरून आले. तिने ती चिलीम पदराने पुसली आणि घरी आणली.

“गेत सा,” ती बलरामला म्हणाली. हे बघा. “आज्याची चिलीम.”

बलरामने ती उलटसुलट करून पाहिली. “आजा वढत व्हता ह्ये खरं. माजा बापबी वढायचा,” तो म्हणाला. झालं, पुरावा पक्का झाला. चिलीम देवघरात गणपतीशेजारी जाऊन बसली आणि रोज हळदकुंकू घ्यायला लागली.

दुसऱ्या वर्षी सरकारने ती जागा खणून तपासायला माणसं पाठवली. झाड कापून नेलं, दोऱ्या बांधून चौकोन पाडले, माती चाळून झाली. मापं घ्यायला आला होता तो मोजणीखात्यातला सुरेंद्र. रोझ हिलचा मराठी मुलगा, घरातले सगळे सरकारी नोकरीत, मराठी समजायची पण बोलताना अडखळायची. मावशीला तो मराठी आहे कळलं तेव्हापासून रोज दुपारी त्याच्यासाठी डबा जायला लागला. डबा खाता खाता त्याने एकदा विचारलं, “मावशी, ह्या जागेला तुमी काय म्हनता?”

“ओलांड्यांची जागा.”

सुरेंद्र खूश झाला. “ओलांदे! बरोबर. तुमाला ठाऊक हाय तर.”

“ठाऊक नसाया काय झालं? माज्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.”

“आमचे साहेब पन तेच म्हनतात. विटा त्यांच्या, चिलमी त्यांच्या.”

“मंग? साहेब शाना हाय.” मावशीने त्याच्या पानात आणखी एक चपाती टाकली. “माज्या सासूच्या सासूचा सासरा. त्यो पयला.”

सुरेंद्रचा घास हातातच राहिला. “कोन पयला?”

“त्यो आला की पानी ओलांडून. त्याचंच ह्ये घर.”

“मावशी, ह्ये घर तीनशे वर्सांचं हाय.”

“म्हातारा लई जगला म्हनत्यात,” मावशी म्हणाली.

मग सुरेंद्रला उलगडलं. त्याला हसू आलं होतं, पण मांडीवर डबा होता आणि समोर मावशी होती, म्हणून त्याने ते गिळलं आणि हळूहळू सांगितलं. ओलांदे म्हणजे गोऱ्यांची एक जात. इकडच्या क्रेओल बोलीत त्यांना ओलांदे म्हणतात. आपल्या जुन्या मराठीत ज्यांना वलंदेज म्हणत तेच हे डच. फ्रेंच यायच्या आधी, इंग्रज यायच्या आधी, आपली माणसं यायच्या तर कितीतरी आधी ते या किनाऱ्यावर राहिले होते. आपल्या लोकांनी मळ्यातल्या क्रेओल लोकांकडून ‘ओलांदे’ ऐकलं असणार, आणि मराठी जिभेवर त्याचं ‘ओलांडे’ झालं. काना, मात्रा, अनुस्वार सगळं जागच्या जागी. एका ‘द’चा ‘ड’ झाला आणि परक्यांचं घर आपलं झालं.

मावशीने वळून त्या भिंतींकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “मंग त्यांची पोरंबाळं कुठं हायत?”

“कोन नाय. गेले ते. एकदा आले, घरं बांधली, जमलं नाय, गेले. परत आले. उंदरांनी पिकं खाल्ली, वादळांनी घरं पाडली. शेवटी बोटीत बसून जे गेले ते गेलेच. बेट सोडून दिलं.”

आपले आजे नव्हते, एवढंच असतं तर मावशीने पचवलं असतं. पण घर टाकून गेले? घराला धरून राहावं म्हणून ती ज्यांच्यापुढे नवऱ्या उभ्या करत आली, ते स्वतः बिऱ्हाड गुंडाळून निघून गेले होते. तिने डबा उचलला, झाकण लावायचं विसरली आणि घरी गेली.

त्या रात्री जेवताना ती गप्प होती. बलरामला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली. तिने देवघरातली चिलीम काढली, कुंकू धुतलं आणि सकाळी सुरेंद्रला नेऊन दिली. बलराम म्हणाला, “वरीसभर परक्याच्या चिलमीची पूजा क्येली. गनपतीला काय वाटलं आसंल?” एरवी या बोलण्यावर त्याला तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आज तिने नुसतं चुलीतलं लाकूड आत सारलं. तिला खरोखर दुःख झालं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे लाज वाटत होती.

त्यात कृष्णदेवचं लग्न तोंडावर आलेलं. मुलगी बों अक्योय गावची, नाव इंद्राणी, शिवणकाम करणारी, तोंडावर बोलणारी. आजवर मावशीने दुसऱ्यांच्या सुना नेल्या. आता पहिल्यांदा स्वतःची न्यायची होती. कित्येक वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. आणि आता नेलं तर कुणाच्या दारात नेणार? ज्यांनी दार सोडलं त्यांच्या? नाही नेलं तर लोक विचारणार, आणि तिच्या मनातही कायमची रुखरुख राहणार की आपल्याच सुनेला थारा मागितला नाही.

बातमी काय, कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराच्या फळीवर पोचली की गावभर झालीच. हळदीच्या दिवशी बायका मांडवात जमल्या होत्या. कुंतीची सून तीन महिन्यांपासून माहेरी जाऊन बसली होती. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुंतीची जीभ दोन अंगणं ओलांडून ऐकू यायची. पण तिला आता कारण सापडलं होतं.

“माजी सून आता कशी राह्यल?” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “पळपुट्यांच्या उंबऱ्यावरनं आनली. हिनंच आनली. पळनाऱ्याचा थारा मागितला, पळनंच मिळालं.”

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. चोख उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर असणार अशी सगळ्यांना खात्री होती, दोघी-तिघींनी तर हसायची तयारीही केली होती. मावशी हळदीचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

बलराम मांडवाचा खांब धरून उभा होता. बायकांच्या मध्ये तो कधी बोलत नसे. “कुंतीवैनी,” तो म्हणाला, “कारोल आलं तवा तुमचं घर उडालं. आमचंबी उडालं. आपल्यातलं कोन बोटीत बसलं?”

कुंतीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“न्हाई म्हंजी, मी आपलं इचारलं,” बलराम म्हणाला आणि कुणी काही म्हणायच्या आत मंडपाच्या मागे निघून गेला.

मावशीने त्याला जाताना पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिला कधी इतका आवडला नव्हता. तिने ताट खाली ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं की व्हय, कुंती म्हणते ते खरं आहे. ते आपले नव्हते. आपन ऐकन्यात चूक केली. ते आले, त्यांना जमलं नाय, ते गेले. “मी उद्या सुनंला तिथं नेनार, दारात उभी करून सगळं सांगनार, आन् ती म्हनंल तसं करनार. ज्यांना यायचं त्यांनी या, नाय यायचं त्यांनी नगा येऊ.” एवढं बोलून तिने कृष्णदेवच्या कपाळाला इतकी हळद फासली की त्याला एका डोळ्याने बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बों अक्योयहून वऱ्हाड परतलं तेव्हा ऊन कललं होतं. लॉरी उसाच्या कडेला थांबली. सरकारने जागेला तारेचं कुंपण घातलं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. किल्ली घेऊन सुरेंद्र येऊन थांबला होता. साहेबांना विचारून आलो, फक्त दगडाला कुंकू लावू नका, म्हणाला. मावशीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं होतं चार-दोन बायका येतील. सगळ्याच आल्या होत्या. कुंतीही आली होती, तोंड वाकडं करून का होईना, आणि तिच्या शेजारी तिची सून उभी होती. कुंतीने आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन तिला आणली होती. काय बोलली असेल ते तिचं तिला ठाऊक.

मावशीने इंद्राणीला दारापुढे उभं केलं आणि सरळ मराठीत, न लपवता सगळं सांगितलं. आमी ह्यांना आपले आजे समजत होतो. ते न्हवते. गोरे होते, आन् टिकले नाय. “तुला नको वाटलं तर आसंच घरी जाऊ. मला राग नाय यायचा.”

इंद्राणीने भिंतींकडे पाहिलं. “मंग आता ह्या घरात कोन राहतं?”

“कोन नाय.”

“आन् तुमी ज्यांना ज्यांना आनलं, त्या?”

मावशीने कुंपणाकडे बोट दाखवलं. त्या सगळ्या कुंपणाला टेकून उभ्या होत्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हाताला नातू, एकीच्या तोंडात लॉरीत घेतलेलं पान. त्यांतली एकही बोटीत बसून कुठे गेली नव्हती. इंद्राणी त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “चला, पाय दुखायला लागले.”

मावशीने तिचं कोपर धरलं, नारळ ठेवला, आत तोंड केलं आणि अडली. आजा-आजी म्हणता येईना. थारा तरी कसा मागणार? ज्यांना स्वतःला थारा मिळाला नाही त्यांच्याकडे? सगळ्या बायका वाट बघत उभ्या राहिल्या. आणि मग तिला आठवलं की हे लोक गोरे. इतकी वर्षं ती त्यांच्याशी मराठीत बोलत आली होती. त्यांना एक अक्षर कळलं नसणार.

“क्रेओलमदी सांगते,” ती स्वतःशीच म्हणाली.

“मावशी, त्यांना क्रेओलही येत नव्हती,” सुरेंद्र हळूच म्हणाला.

“तीनशे वर्सं हितं पडल्यात. शिकले आसतील.”

मग तिने घसा खाकरला आणि आतल्या रिकाम्या जागेला, शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात सांगितलं, “झोत फिन अले. नू, नू रेस्ते.” तुम्ही गेलात. आम्ही राहिलो. क्षणभर थांबून तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. “ली ओसी, ली फिन विन रेस्ते.” हीसुद्धा राहायला आली आहे.

इंद्राणीने साडी घोट्याच्या वर धरली आणि उजवं पाऊल आत ठेवलं.